शिडीचे नाव : अद्भुत भूमिकाखेळांतील युद्ध, पातळी आणि पारितोषिक

मोक्षपट नावाचा जो जुना खेळ आपल्याकडे होता आणि ज्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, त्यातील शिड्यांना व सापांना नावे असत. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. कवड्यांचे दान पडे, सोंगटी चढे किंवा घसरे. परंतु आपण कशामुळे चढलो व कशामुळे घसरलो हे पटावरच लिहिलेले असे. पुढे हाच खेळ सापशिडी होऊन घरोघर गेला, तेव्हा नावे गळून पडली आणि एक ते शंभर एवढे आकडे उरले. नियम जवळजवळ तेच राहिले. चढण्याचा अर्थ मात्र गेला.

संगणकावर व दूरदर्शनच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुत भूमिकाखेळांचा विचार करताना हे उदाहरण दृष्टीसमोर ठेवणे उपयुक्त होईल असे मला वाटते. इंग्रजीत ज्यांस 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात ते हे खेळ. त्यांत राजपुत्र, जादूगार, राक्षस, भुयारे आणि शापित राज्ये असतात. कथा असते, संवाद असतात, कधी कधी बऱ्यापैकी काव्यही असते. म्हणून त्यांची चर्चा करणारे पुष्कळ लोक कथेची चर्चा करून थांबतात. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे आहे, की अशा खेळाचा खरा आशय त्याच्या कथेत जितका असतो त्याहून अधिक त्याच्या पारितोषिकयोजनेत असतो. खेळ कशाचे फल देतो, केव्हा देतो आणि कशाचे देत नाही, यावरून तो माणसाच्या वाढीविषयी काय मानतो हे कळते.

वाङ्मयाच्या पत्रिकेत या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या आरंभीच्या कादंबरीत 1861 सालच्या 'मुक्तामाले'पासून आणि 1868 सालच्या 'मंजुघोषे'पासून अद्भुताचा मोठा प्रवाह वाहू लागला. त्या अद्भुताची भूक संपलेली नाही. तिने आपले घर तेवढे बदलले आहे. आपल्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांना नायकाच्या पराक्रमाची पहिली ओळख आज पुस्तकाऐवजी या खेळांतून होते. ज्या कलाप्रकारात तरुण मन इतके तास रमते त्याविषयी 'वेळेचा अपव्यय' एवढाच अभिप्राय देणे म्हणजे समीक्षेने आपले काम टाळणे होय.

प्रथम या खेळांची परिभाषा थोडी स्पष्ट केली पाहिजे. खेळणाऱ्याच्या ताब्यात एक पात्र असते. त्याचे बळ, चपळाई, बुद्धी ही सारी आकड्यांत मांडलेली असते. शत्रू मारला किंवा कामगिरी पार पाडली, की 'अनुभवगुण' मिळतात. ते ठरावीक संख्येस पोचले, की पात्राची 'पातळी' एकाने वाढते व त्याचे आकडेही वाढतात. याखेरीज शस्त्रे, चिलखते, नाणी मिळतात. त्यांस 'लूट' म्हणतात. हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला आणि खेळांच्या द्वारा आता परत आला आहे. युद्ध, पातळी आणि लूट हे या प्रकाराचे तीन खांब होत.

या सर्वांचे मूळ संगणकाच्या बाहेरचे आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावाने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो कागद, फासे आणि एक सूत्रधार एवढ्या साहित्यावर चाले. त्यातील अनुभवगुणांचा मोठा वाटा राक्षस मारल्याबद्दल मिळत नसे. तो भुयारातून खजिना सुखरूप बाहेर आणल्याबद्दल मिळे. एका सुवर्णमुद्रेस एक अनुभवगुण असा तो हिशेब होता. 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने तर राक्षसवधाचे गुण आणखी कमी केले. परिणाम असा, की शहाणा खेळाडू लढाई टाळी. राक्षस झोपलेला असताना पेटी उचलावी, जमल्यास त्यास फसवावे, न जमल्यास पळावे, हेच शहाणपण ठरे. म्हणजे ज्या खेळावर रक्तपाताचा आरोप पुढे वारंवार झाला त्याचे मूळ फलसूत्र लोभाचे होते, हिंसेचे नव्हते. लोभ हाही काही मोठा सद्गुण नव्हे; परंतु त्याने युक्ती, भय, पलायन आणि वाटाघाट यांना खेळात जागा दिली. 1989 च्या आवृत्तीत सोन्याबद्दलचे हे गुण ऐच्छिक झाले, आणि एक शिडी आपले जुने नाव घेऊन मागे पडली.

संगणकास वाटाघाट जमत नव्हती. मोजणे मात्र उत्तम जमत होते. म्हणून यंत्रावर आलेल्या खेळांनी मोजता येण्याजोगी क्रिया उचलली, आणि ती वधाची होती. 1981 चा 'विझर्ड्री' या मार्गाने गेला; 1986 साली जपानमध्ये यूजी होरी यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने त्या मार्गाचा राजमार्ग केला. या खेळाची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. आरंभी नायक एकटा व दुबळा असतो. किल्ल्याबाहेर 'स्लाइम' नावाचा थेंबाच्या आकाराचा क्षुद्र जीव भेटतो. त्याला मारले की एक अनुभवगुण. सात गुण झाले की दुसरी पातळी. शेवटची पातळी तिसावी. तीस 65,535 गुण लागतात. द्विमान पद्धतीच्या सोळा अंकांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. नायकाच्या पराक्रमाची सीमा अशा रीतीने यंत्राच्या स्मृतीने आखून दिली, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. भूमीची योजनाही अशीच विचारपूर्वक आहे. पूल ओलांडला, की पलीकडचे शत्रू अधिक बळकट होतात. त्यामुळे नकाशा हाच जणू पातळ्यांचा जिना होतो.

या खेळात मृत्यूचे स्वरूप काय आहे, हेही पाहण्यासारखे आहे. नायक पडला तर तो राजासमोर पुन्हा उभा राहतो; जवळची अर्धी नाणी जातात, पण अनुभव एका गुणानेही कमी होत नाही. धन नाशवंत आणि अनुभव अक्षय, असा एक सिद्धान्तच येथे नियमरूपाने मांडलेला आहे. ज्याचे हात चपळ नाहीत, ज्याची बुद्धी सामान्य आहे, त्यानेही चिकाटी सोडली नाही तर तो अखेर पोचतो. हा खेळ जपानमध्ये एवढा लोकप्रिय झाला त्याचे एक कारण या दयाळू नियमात आहे असे मानण्यास हरकत नाही.

पण याच दयेतून या प्रकाराचा सर्वांत मोठा दोष जन्मला. वीररसाचा स्थायिभाव उत्साह. प्रतिपक्षाचे बळ हा त्याचा विभाव. प्रतिपक्ष क्षुद्र असेल तर उत्साहाला आधार उरत नाही. आता ज्या खेळाडूला पुढचा शत्रू जड जातो तो काय करतो? तो मागे येतो आणि आपल्याहून दुबळ्या शत्रूंना शेकड्यांनी मारीत एकाच कुरणात फिरत राहतो. इंग्रजीत या क्रियेस जो शब्द रूढ आहे त्याचा अर्थ दळणे असाच आहे, आणि आपली 'दळण' ही संज्ञा तीस चपखल बसते. जात्याभोवती निदान ओवी होती. या दळणास तीही नाही. लढाईचे सोंग कायम असते, तलवार चमकते, शत्रू पडतो, पण रस वीर राहत नाही. उरते ती हजेरी आणि तिच्याबद्दलचे वेतन.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. गवई तीच पलट्यांची आवर्तने हजार वेळा घेतो, मल्ल तेच जोर रोज काढतो. मग दळणालाच दोष का द्यावा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर वाढ कोणाची होते या प्रश्नात आहे. रियाजाने गवयाचा गळा बदलतो. दळणाने पात्राचा आकडा बदलतो. खेळणारा होता तेथेच असतो. भूमिकाखेळात नेहमी दोन वाढी समांतर चालतात, एक पात्राची व दुसरी खेळाडूची. पात्राची वाढ लिहून ठेवता येते, खेळाडूची येत नाही. चांगला खेळ या दोहोंची सांगड घालतो. वाईट खेळ पहिलीच्या बदल्यात दुसरीचा त्याग करावयास सांगतो, आणि वर अभिनंदनाचा सूर वाजवितो.

ही सांगड कशी तुटते याचे ठळक उदाहरण म्हणजे 2006 चा 'द एल्डर स्क्रोल्स'मालेतील चौथा खेळ, 'ऑब्लिव्हियन'. त्याच्या कर्त्यांचा हेतू चांगला होता. खेळाडूने विशाल भूमीवर हवे तेथे जावे आणि कोठेही त्यास शत्रू अतिदुबळा किंवा अतिबलिष्ठ वाटू नये, म्हणून त्यांनी जगच खेळाडूच्या पातळीबरोबर वाढविले. नायक चढला की लांडग्यांच्या जागी अधिक क्रूर पशू येतात. रस्त्यावरचे भुरटे चोरही अखेरीस खेळातील अत्यंत मौल्यवान चिलखते घालून वाटसरूकडे किरकोळ रक्कम मागू लागतात! ज्याच्या अंगावर सरदाराच्या जहागिरीचे मोल आहे त्याने वाटमारी का करावी, हा प्रश्न खेळणाऱ्याला हसवतो. औचित्याचा भंग झाला की अद्भुताचेही हसे होते ते असे.

दोष केवळ औचित्याचा नाही. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मानली. काल जड गेलेला शत्रू आज सहज पडला, यात विरोधलय आहे. सामर्थ्याची जाणीव होते ती या विरोधातून. सारे जगच एका पावलाने वर सरकले, तर चढल्याची खूण कोणती? शिवाय या खेळात पातळीवाढीचे गणित असे होते, की खरोखर वापरावयाची कौशल्ये बाजूस ठेवून न वापरावयाची कौशल्येच मुख्य म्हणून निवडणे हिशेबी खेळाडूस फायद्याचे वाटे. ज्या शिडीवर चढणे हा तोटा आणि न चढणे हे चातुर्य, त्या शिडीला काय नाव द्यावे? 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये याच कर्त्यांनी अनेक स्थळांच्या काठिण्यास मर्यादा घालून दिल्या, आणि 2025 साली निघालेल्या 'ऑब्लिव्हियन'च्या नव्या आवृत्तीत पातळीवाढीची पद्धत बदलण्यात आली. समीक्षकांच्या व खेळाडूंच्या तक्रारीत तथ्य होते, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

लुटीच्या बाबतीत असाच धडा 'डायब्लो'च्या तिसऱ्या खेळाने दिला. या मालेत राक्षस पडला की त्याच्याजवळून काय निघेल हे दैवावर असते. दुर्मिळ तलवारीची आशा हेच येथील खरे इंधन. 2012 साली आलेल्या या खेळात खऱ्या पैशांनी वस्तू विकत घेण्याची लिलावपेठ उघडण्यात आली. तर्कदृष्ट्या तीत काही चूक नव्हती: ज्याला जे हवे ते त्यास मिळत होते. परंतु तलवार बाजारात मिळू लागताच राक्षस मारण्याचे कारण संपले. मार्च 2014 मध्ये ती पेठ बंद झाली. तिने खेळाचा गाभाच पोखरला, असेच कर्त्यांचेही मत झाले होते. फल हवे असते म्हणून आपण कर्म करतो असे आपण समजतो. पण फल हाती ठेवून कर्म काढून घेतले, तर फलही बेचव होते. तत्त्वज्ञानाचा हा जुना विषय एका बाजारू खेळाने अनवधानाने सिद्ध करून दाखविला.

याउलट, दोन्ही वाढींची सांगड ज्याने कठोरपणे पण न्यायाने घातली तो खेळ म्हणजे 2011 चा 'डार्क सोल्स'. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. येथे शत्रू मारल्यावर मिळणारे 'आत्मे' हेच अनुभवगुण आणि हेच चलन. नायक पडला की साठविलेले सारे आत्मे तो पडला तेथेच राहतात. पुन्हा तेथवर पोचण्याची एक संधी असते. वाटेत पुन्हा पडलात तर ते कायमचे गेले. 'ड्रॅगन क्वेस्ट'ने अक्षय मानलेला अनुभव येथे नाशवंत ठरतो. मात्र जे नष्ट होत नाही ते येथे अधिक मोलाचे आहे: कोणत्या कोपऱ्यामागे कोण दबा धरून बसला आहे, कोणता घाव केव्हा येतो, ढाल केव्हा खाली करावी, हे खेळाडूस कळलेले असते, आणि ते त्याच्यापासून कोणी हिरावू शकत नाही. एक पातळीही न वाढविता हा खेळ पूर्ण करणारे खेळाडू आहेत. आकडा येथे कुबडीसारखा आहे, ज्यास हवी त्याने घ्यावी. चालायचे मात्र ज्याचे त्यानेच. यातील युद्धात उत्साह टिकतो, कारण भय टिकते. त्याचा दोष सांगावयाचा तर तो असा, की ज्याच्याजवळ वेळ व धीर दोन्ही कमी त्याला हा खेळ दारातच थांबवितो. होरी यांची दया येथे नाही.

आतापर्यंत ज्या शिड्या पाहिल्या त्यांवर श्रम, लोभ, दैव, कौशल्य अशी नावे वाचता येतात. मोक्षपटाप्रमाणे शीलाचे नाव देण्याचा प्रयत्न कोणी केला काय? केला, आणि तो फार लवकर केला. 1985 साली रिचर्ड गॅरियट यांचा चौथा 'अल्टिमा' आला. त्यात अखेरीस मारावयाचा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे हे ध्येय. आपल्या परंपरेतील हा शब्द त्यांनी घेतला खरा, पण त्याची दिशा उलटली: आपला अवतार वरून खाली येतो, त्यांचा खालून वर चढतो. रचनेतील मर्म असे, की या गुणांची नोंद खेळाडूपासून लपविलेली असते. औषधी द्रव्ये विकणाऱ्या अंध दुकानदाराच्या हातावर किती पैसे ठेवावयाचे ते खेळाडूवर सोपविलेले असते. कमी दिले तर कोणी ओरडत नाही. एका अदृश्य वहीत प्रामाणिकपणा मात्र घटतो.

तरीही या थोर प्रयत्नास दळणाने गाठलेच. भिकाऱ्यास नाणे दिले की करुणा वाढते हे कळताच एकेक नाणे पुनःपुन्हा देऊन करुणा वाढविण्याची युक्ती निघाली. सद्गुणास आकडा जोडला, की माणूस आकड्यास सद्गुण मानू लागतो; नोंद लपविल्याने हे लांबते, टळत नाही.

हा पेच ज्याने ओळखला तो 2015 चा 'अंडरटेल' होय. त्याचा कर्ता टोबी फॉक्स. वरून हा जुन्या धाटणीचा साधा खेळ दिसतो. शत्रू मारला की पडद्यावर नेहमीची अक्षरे येतात, पातळी चढते, आयुष्यबळ वाढते. खेळाच्या उत्तरार्धात एक पात्र त्या अक्षरांचा अर्थ उलगडते: अनुभवगुण समजून जे गोळा केले ते वधांचे गुण होते, आणि पातळी म्हणून जे मिरवले ते हिंसेचे मान होते. शिडीवरचे पुसलेले नाव एकाएकी प्रकट होते, आणि ते वाचून चढणाऱ्याची मान खाली जाते. या उघडकीमागे केवळ शब्दांची कसरत नाही. प्रत्येक शत्रूशी बोलून, त्याचे ऐकून त्यास सोडून देण्याचा मार्ग पहिल्यापासून खुला असतो. त्या मार्गाने जाणारा शेवटपर्यंत पहिल्या पातळीवरच, वीस एवढ्याच आयुष्यबळानिशी राहतो. त्यालाही शत्रूचे सारे वार चुकवावे लागतातच. म्हणजे हा मार्ग अधिक अवघड आहे, आणि त्याबद्दल अनुभवगुणांत काहीही मिळत नाही. आपल्या साहित्यशास्त्रात युद्धवीराच्या शेजारी दयावीर सांगितला आहे. त्याचे इतके नेमके चित्रण या माध्यमात दुसरे माझ्या पाहण्यात नाही. उलट मार्गाने जाणाऱ्यास खेळ दळावयास लावतो: ओसाड झालेल्या वाटांवर मारण्यास कोणी न उरेपर्यंत त्याने शोधत फिरावे. दळणाचा कंटाळा येथे दोष राहत नाही; तोच निवाडा होतो.

'अंडरटेल'चे यश मात्र अनुकरणीय नव्हे, हे सांगितले पाहिजे. त्याचा आघात इतर खेळांनी लावलेल्या सवयीवर उभा आहे. ज्याने पूर्वी कधी पातळी चढविली नाही त्यास तो अर्धाच कळेल. आणि प्रत्येक खेळाने खेळाडूस अपराधी ठरवावयाचे म्हटले, तर तोही एक साचाच होईल. समीक्षकाने या कृतीपासून घ्यावयाचे ते तिचे सूत्र: पारितोषिक हा शब्दांइतकाच अर्थवाही घटक आहे, आणि कथा एक म्हणत असता पारितोषिक दुसरे म्हणत असेल, तर खेळणारा पारितोषिकाचेच ऐकतो. राज्य बुडत आहे असे कथा आक्रोशून सांगते आणि नायक कुरणात स्लाइम मारीत फिरतो, तेव्हा खोटे कोण बोलत असते? खेळाडू नव्हे. त्यास ज्या कामाचे वेतन मिळते तेच तो करीत असतो.

हा विषय आपणां शिक्षकांस परका वाटू नये. आपणही गुण देतो, इयत्ता वाढवितो, पदव्या वाटतो. आपल्याही शिड्यांवरची नावे कित्येक ठिकाणी पुसट झाली आहेत, आणि पाठांतराचे दळण दळून वर गेलेला विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. म्हणून या खेळांवर रागावण्याचा अधिकार आपणांस थोडाच आहे. त्यांची परीक्षा करण्याचा मात्र पूर्ण आहे. मूल अमुक पातळी गाठल्याचे आनंदाने सांगत येईल, तेव्हा त्यास तुच्छतेने परत पाठवू नये. तू कशामुळे चढलास, आणि चढल्यावर तुला काय येऊ लागले, एवढे विचारावे. ज्या खेळाबद्दल या प्रश्नाचे उत्तर मुलास देता येईल, तो खेळ चांगल्या वाङ्मयाच्या शेजारी बसण्यास पात्र आहे.